शेळीनं खाल्लेलं पान

धानाच्या रोवणीचे, म्हणजे लावणीचे दिवस होते. आमच्या भागात रोवणी लागली की निम्मी शाळा बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात असते. वर्गात उरतात त्या धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन आलेल्या मुली, आणि चिखलात उतरवण्याइतकी मोठी न झालेली पोरं. त्या दिवशी मी अशाच मूठभर मुलांसमोर बसले होते. करडीहून सायकलनं आलेला एक ओळखीचा माणूस शाळेच्या पायरीशी थांबला. पाय चिखलाचे म्हणून तो आत आला नाही, तिथूनच म्हणाला, "बाई, लाखनीहून निरोप आहे. रामटेके बाई गेल्या. आज सकाळी." मी त्याला विचारलं, "कोणत्या रामटेके बाई?" आता आमच्या ओळखीत दुसऱ्या कोणी रामटेके बाई नव्हत्याच. पण माणूस असं काहीतरी विचारतो... तेवढाच एक क्षण हाती लागतो. त्यानं मान खाली घातली. "आपल्या बाई. कौसल्याबाई." मी मुलांना सुट्टी दिली नाही. घंटा होईपर्यंत तशीच बसून राहिले.

त्याला आता काही आठवडे झाले. रोवणी आटोपली, पोरं वर्गात परत आली. 'कौसल्याताईंवर काहीतरी लिहा' असं वर्तमानपत्राच्या पुरवणीवाल्यांनी सांगितलं तेव्हा मी हो म्हणाले खरी, पण लिहायला बसले की मधेच उठून चुलीवरचा भात पाहून येते. मी मुळातच काळजीखोर. घरात भात लागण्याआधी मला त्याचा वास येतो, आणि बहुतेक वेळा भात लागलेला नसतो. ताई मला चिडवायच्या, "शोभा, तू आज धान पेरशीन अन् उद्या विळा घेऊन कापाले जाशीन." त्यांचं खरं होतं. पण ज्या गोष्टीसाठी मी त्यांना जन्मभर विसरणार नाही, त्या गोष्टीत माझी काळजी खोटी नव्हती. तीच सांगते.

कौसल्याताई आमच्या गावी बदलून आल्या तेव्हा मी तिथं आधीपासून होते. करडीच्या पुढचं गाव, दोन खोल्यांची जिल्हा परिषदेची शाळा. एका खोलीत पहिली-दुसरी, दुसऱ्या खोलीत तिसरी-चौथी. मधल्या भिंतीत दाराची चौकट होती, पण दार कधी कुणी बसवलंच नाही. ताई मूळच्या शहापूरकडच्या, वयानं माझ्याहून बऱ्याच मोठ्या, ठेंगण्या, आवाज घोगरा. पहिली-दुसरी त्यांनी घेतली, तिसरी-चौथी माझ्याकडं राहिली. माझ्या खुर्चीवरून चौकटीतून बरोबर त्यांचं लाकडी स्टूल दिसायचं. मूल वाचायला लागलं की त्या डोळे मिटून घ्यायच्या. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, बाईंना दुपारची झोप येते. एकदा न राहवून विचारलं, तर म्हणाल्या, "डोळे उघडे ठेवले तं पोराच्या आंधी मीच वाचून घेतो. मंग त्याचं काही आयकूच येत नाही."

आल्याबरोबर त्यांनी काय करावं, तर शाळेतल्या एकूण एक मुलाचं वाचन ऐकायचं ठरवलं. माझ्या वर्गातलीही मुलं त्यांनी बोलावून घेतली. मला ते थोडं झोंबलंच. तिसरीत नुकतीच गेलेली माझी मुलगी वंदना त्यांच्यात होती. ताईंनी सांगितलं, मागच्या वर्षीचं पुस्तक आणा. वंदनाच्या वाचनाची मला काळजी नव्हती. ती घरात सगळ्यांची लाडकी वाचणारी होती. दुसरीच्या पुस्तकात जत्रेचा एक धडा होता. गंगू नावाची मुलगी आजोबांचा हात धरून जत्रेत जाते, गर्दीत हरवते, सापडते, घरी येते. वंदना तो धडा असा वाचायची की शेजारच्या बाया सपरीत, पुढच्या पडवीत, येऊन बसायच्या. बोट ओळीवर, आवाज स्वच्छ, गंगू हरवली की गळा थोडा दाटलेला. आमच्याकडं म्हणतात, पोरगी 'बुक म्हणते'. वाचते असं कुणी म्हणत नाही, म्हणते असंच म्हणतात. त्या शब्दात काय आहे याचा विचार तोवर कुणी केला नव्हता.

मी माझ्या वर्गात पाढे घेत होते. चौकटीतून वंदनाचा आवाज येत होता आणि मी मनात जरा फुलले होते, खोटं कशाला बोलू. धडा संपला. ताईंनी डोळे उघडले आणि विचारलं, "गंगू हरवली थे कुठं लिहिलं आहे माय? बोट ठेव बरं." वंदनानं बोट ठेवलं. ताईंनी पुस्तक मांडीवर घेतलं, मागं पाहिलं, पुढं पाहिलं. मग उठून चौकटीत आल्या. पुस्तक उघडं माझ्यासमोर धरून हळूच म्हणाल्या, "शोभा, मधलं पान कुठं आहे?"

मी म्हणाले, "अवो ते शेळीनं खाल्लं. मागच्या हिवाळ्यात. ही सपरीत पुस्तक टाकून खेळायला गेली, अन् शेजारच्यांची शेळी..."

"मंग आता हिनं वाचलं थे काय होतं?" ताई म्हणाल्या.

गंगू हरवते ते सगळं त्या पानावर होतं. ते पान हिवाळ्यातच शेळीच्या पोटात गेलं होतं, आणि त्यानंतर कित्येक शनिवारी वंदनानं ते आम्हाला वाचून दाखवलं होतं. आम्ही माना डोलावल्या होत्या. पान नाही हे माझ्या लक्षात येऊ नये? कसं येणार, धडा मलाही पाठ होता. मी पुस्तकाकडं पाहतच नव्हते. वर्गात सगळी मुलं एका सुरात धडा म्हणतात, पुढचा म्हणतो तसं मागचा म्हणतो, पान उलटायची वेळ आली की सगळ्यांचे हात एकदम हलतात. वर्षानुवर्षं तेच चाललं होतं. सगळ्या गावानं त्यालाच वाचन म्हटलं होतं.

ताईंनी फळ्यावर तीन सोपे शब्द लिहिले. पुस्तकातलेच, पण धड्यातल्या क्रमानं नव्हे. वंदनानं फळ्याकडं पाहिलंच नाही. तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं. माझे ओठ काही सांगतात का ते ती शोधत होती... ती नजर मला आजही पुसता येत नाही. त्या संध्याकाळी मी चूल पेटवली, विझली, परत पेटवली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो माझ्याच घरात होता. गावाची पोरं शिकवणाऱ्या बाईच्या पोटची मुलगी, आणि तिला 'घर' वाचता येत नाही.

भीती फक्त तेवढीच नव्हती. वंदनाचे बाबा भंडाऱ्याला सरकारी कचेरीत होते. तिथंच खोली करून राहायचे, शनिवारी दुपारी सायकलची घंटी वाजवत घरी यायचे. आले की हातपाय धुऊन पहिलं काम म्हणजे वंदनाचं वाचन ऐकणं. नागपूरला माझी नणंद होती, तिला मूलबाळ नव्हतं, आणि तिच्या मनात वंदनाला आपल्याकडं ठेवून घ्यायचं फार होतं. "गावच्या शाळेत काय शिकते ती," हे वाक्य दर दिवाळीला व्हायचं. वंदनाचे बाबा तिला दर वेळी सांगायचे, "वाचते की पोरगी घडाघडा." त्या एका घडाघडाच्या भरवशावर माझी मुलगी माझ्याजवळ होती. आता तो भरवसाच शेळीनं खाल्लेला निघाला.

मी ताईंना म्हणाले, "ताई, काहीही करा, पण शनिवारपर्यंत तिला..." ताई हसल्या. पण मग माझं तोंड पाहून त्यांनी हसू आवरलं. म्हणाल्या, "पहिलं काम हे, की पुस्तक बंद. ना दुसरीचं, ना तिसरीचं. हाती देऊच नोको."

"अन् शनिवारी?"

"शनिवारी जे होईन थे होईन."

आता सांगा, मला धीर कसा यावा? जी पोरगी निदान म्हणत तरी होती, तिच्या हातातलं पुस्तकच काढून घेतलं. शाळा सुटली की वंदना ताईंच्या घरी जायची. घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या काठी. आमच्या सासूबाईंना ते पचायला जड गेलं. तोंडानं काही म्हणायच्या नाहीत, पण वंदना आली की विचारायच्या, "तिथं पाणी पिली काय?" वंदना सांगायची, "पाणी पिली, भातही खाल्ला," आणि सासूबाई उठून चुलीशी जायच्या. मी मधे पडत नव्हते. माझ्या डोक्यात एकच भुंगा होता, पोरगी वाचेल की नाही.

पहिले कित्येक दिवस ताईंनी तिला एक अक्षर दाखवलं नाही. अंगणात बसून लाखोळी या कडधान्याच्या दाण्यांशी खेळ चालायचा. ताई एक शब्द म्हणायच्या, वंदनानं तो तोडायचा, आणि जितके तुकडे ऐकू येतील तितके दाणे मांडायचे. बोडी. बांधी. गाडगं. 'बां' आणि 'धी', झाले दोन दाणे. मग उलटं. ताई तुकडे सांगणार, वंदनानं शब्द जोडायचा. "पहिले काय आयकू येते? शेवटी काय आयकू येते?" मी दारात उभी राहून पाहायची आणि मनात म्हणायची, हे तर तिला बोलता येतंच, यात शिकण्यासारखं काय आहे. ताई माझ्याकडं न पाहताच म्हणायच्या, "जे कानाले तुटत नाही, थे डोळ्याले कसं तुटन? अक्षर म्हणजे आवाजाचं चित्र. आवाजच नाही सापडला तं चित्र कायचं काढाचं?" मग कधीतरी अक्षरं आली. पण अ पासून नाही. आधी ग, र, म, न अशी मोजकीच, ज्यांचे लगेच शब्द होतील अशी. गरम. नगर. मगर. वंदना ओळखायची सगळी. ग... र... म... असं एकेक स्वच्छ म्हणायची, आणि ताईंनी "मंग काय झालं?" म्हटलं की बावरून म्हणायची, "भाकर."

हे ऐकून मी घरी येऊन रडले होते. त्याच आठवड्यात ताई तिला विहिरीवर घेऊन गेल्या. बादली सोडली आणि दोर तिच्या हातात दिला. "ओढ. आता एक हात ओढला की दोर सोडून दे, मंग दुसरा हात ओढ." वंदना म्हणाली, "असं केलं तं बादली खाली जाईन न." ताई म्हणाल्या, "तू तेच करून राहिली. ग म्हणते अन् सोडून देते. र म्हणते अन् सोडून देते. सोडू नोको. ग धरूनच र वर ये." दोराला धरून दोघी 'गऽरऽम' म्हणत बादली ओढत होत्या. काठावर पाणी भरणाऱ्या बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पण त्यानंतर भाकर आली नाही.

शनिवार मात्र येतच होते. पहिले काही मी निभावले. कधी पोटात दुखतं, कधी डोळे आलेत, कधी पुस्तक शाळेत राहिलं. शेवटी दिवाळीच्या सुट्टीत ह्यांनी तिसरीचं पुस्तक तिच्या हातात ठेवलं आणि म्हणाले, "वाच." वंदना पानाकडं पाहत राहिली. आधीची वंदना असती तर वर्गात ऐकलेलं काहीतरी घडाघडा म्हणून मोकळी झाली असती. ही म्हणेना. बोटाखालचं एक अक्षर ओठात धरून बसली आणि डोळ्यांतून पाणी काढलं. सासूबाई म्हणाल्या, "मुकीच झाली पोट्टी." हे जेवताना म्हणाले, "येत्या जूनपासून हिला नागपूरला ठेवू. ताईला मी पत्र टाकतो." ताई म्हणजे त्यांची बहीण, माझी नणंद.

कौसल्याताईंना कळलं तेव्हा त्या स्वतः घरी आल्या. आमच्या घरी त्या पहिल्यांदाच आल्या होत्या. सपरीत उभ्या राहिल्या. सासूबाईंनी क्षणभर पाहिलं आणि चटई टाकली. हे म्हणाले, "बाई, तुम्ही मोठ्या आहात, पण काय चालवलं आहे तुम्ही? पोरगी आधी किती सरसर वाचत होती."

"भाऊ, होळीपर्यंत थांबा."

"होळीनं काय होणार?"

"काही झालं नाही तं मी सोता तिले नागपूरले पोचवून देईन. पण होळीपर्यंत पुस्तक देऊन 'वाच' म्हणू नोका. कोणीच." हे कसंबसं हो म्हणाले. पण शेळीच्या पानाची गोष्ट ताईंनी काढली नाही, आणि मलाही काढू दिली नाही. त्यांना पोचवायला निघाले तेव्हा वाटेत मी विचारलं, "सांगितलं काहून नाही?" तर म्हणाल्या, "पोरगी चोर ठरली असती. तिनं चोरी केली नाही. आपण जे मागितलं थे तिनं दिलं."

मग हिवाळा. धान कापून झालं, मळणी झाली, रोज संध्याकाळी मी ताईंच्या अंगणात आणि रोज माझा तोच प्रश्न, "वाचेल ना वो, ताई?" त्यांनी एकदाही हो म्हटलं नाही. दर वेळी म्हणायच्या, "आज काय आयकलं थे सांग." म्हणजे मी आज वंदनाचं काय ऐकलं. मला सांगावं लागायचं. आज तिनं तेलाच्या डब्यावरचं नाव जुळवलं. आज 'नदी' वाचलं पण 'दिन' अडलं. आज ओळ वाचली, पण एवढी रेंगाळत की शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरली. "मंग तीच ओळ परत वाचाले लाव. पाय सरावले की वाट दिसते," असं त्या म्हणायच्या. असं सांगता सांगता माझं ध्यान काळजीवरून पोरीवर यायचं. हा त्यांचा माझ्यावरचा इलाज होता हे मला फार उशिरा समजलं.

चित्रांचं एक वेगळंच. वंदना आधी चित्र पाहायची, मग अंदाजानं ठोकायची. चित्रात बैल दिसला की 'बैल', लिहिलेलं असायचं 'गोऱ्हा'. ताईंनी कुंपणातलं पळसाचं पान तोडलं आणि चित्रावर ठेवलं. "पहिले वाच. मंग पान उचल अन् पाह्य तुह्यं बरोबर आहे का." ते पान उचलताना वंदनाचा चेहरा पाहण्यासारखा असायचा. आणि वाचून झालं की एक गोष्ट हमखास. पान उलटायच्या आधी ताई तिचा हात धरायच्या, "थांब. मंग काय झालं असन?" वंदनाला सांगता आलं नाही तर मागं जायचं. एकदा तिनं 'उद्यानात' असा शब्द सुरेख वाचला. ताईंनी विचारलं, "कुठं गेले मंग थे?" वंदना म्हणाली, "मले का माहीत. पुस्तकात गेले." ताई इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले. मग तिला घेऊन बोडीच्या पाळीवर फुललेल्या झाडांत गेल्या, आणि सांगितलं की अशी झाडं कोणी मुद्दाम लावून राखली तर त्याला पुस्तकात उद्यान म्हणतात. माझ्याकडं वळून म्हणाल्या, "तोंडानं वाचलं पण डोळ्यापुढं काही उभं राहिलं नाही, तं थे वाचलंच नाही वो. थे फक्त म्हटलं."

होळीच्या आदल्या शनिवारी सायकलची घंटी वाजली आणि मी चहाचं आधण ठेवलं. ह्यांनी चहा घेतला. कपाटावरून पुस्तक काढलं, ते नेमकं दुसरीचं. म्हणाले, "नवीन राहू दे. तुझा आवडता जत्रेचा धडा वाच." मनात असेल की पोरीला सोपं जावं. मी ताईंना बोलावणं पाठवलं होतं, त्या येऊन चटईवर बसल्या आणि डोळे मिटून घेतले. सासूबाई तांदूळ निवडत होत्या, त्यांचं सूप थांबलं.

वंदना वाचू लागली. हळू. शब्दाशब्दावर बोट टेकत. आधीसारखा सूर नाही, गळा दाटणं नाही, काही नाही. एखादा शब्द अडायचा, ती मागं यायची, परत जुळवायची. ह्यांच्या कपाळावर आठी पडलेली मला दिसत होती. "गंगूने... आजोबांचा... हात घट्ट धरला." पान उलटलं. "आईने रडत रडत... तिला... पोटाशी धरले." आणि वंदना थांबली.

थांबलीच. मागचं पान पाहिलं, पुढचं पाहिलं, परत मागचं. मला वाटलं, संपलं. आता नागपूर. हे उठलेच. म्हणाले, "अगं, हरवली ना गंगू? विसरलीस? पाठ होता तुला हा धडा."

वंदना त्यांच्याकडं पाहून म्हणाली, "बाबा, पाठ तं अजूनही आहे. पण हे पान शेळीनं खाल्लं. इथं लिहिलंच नाही तं मी काय वाचू?"

ह्यांनी तिच्या हातातून पुस्तक घेतलं आणि शिवणीतला फाटका काठ बोटानं चाचपला. "केव्हा खाल्लं?" त्यांनी मला विचारलं. मी म्हणाले, "गेल्या वर्षीच्या हिवाळ्यात." ते खाली बसले. किती शनिवार ते पान त्यांनी कान देऊन ऐकलं होतं, ते त्यांचं त्यांना उमगत असावं. मग त्यांनी तिसरीचं पुस्तक मागितलं, मधलंच कुठलंतरी पान काढलं, आणि वंदनानं तेही वाचलं. अडखळत, पण लिहिलेलं तेच. ताईंनी डोळे उघडले आणि मला म्हणाल्या, "आता रड, रडाचं असन तं." मी रडलेच. नागपूरला पत्र गेलं, पण वेगळं. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी पुरणाच्या पोळ्या फडक्यात बांधून स्वतः बोडीच्या काठी नेऊन दिल्या, आणि तिथं बसून पाणी पिऊन आल्या. कुणाला काही सांगितलं नाही. वंदनानंच पाहिलं.

त्या वर्षापासून ताईंनी एक प्रथाच पाडली. जून उजाडला की शाळेच्या एका पुस्तकातलं मधलं एक पान त्या ब्लेडनं हलकेच सोडवून घ्यायच्या. मुलं त्याला शेळीचं पुस्तक म्हणायची. प्रत्येक मुलाला कधी ना कधी त्यातून वाचावं लागायचं. जे न थांबता पुढं गेलं त्याला रागवायचं नाही, त्याच्यासाठी लाखोळीचे दाणे. जे थांबलं त्याला कपाटातलं ते सुटं पान मिळायचं, खिडकीत बसून एकट्यानं वाचायला. अभ्यासक्रम बदलला, पुस्तक बदललं, ताईंची शेळी कायम राहिली. मी कितीदा म्हणाले, "वरून साहेब आले तर शाळेचं पुस्तक फाडलं म्हणून जाब विचारतील." त्या म्हणायच्या, "शेळीचं नाव सांग."

पुढं त्यांना साखरेनं गाठलं आणि ती डोळ्यांत उतरली. मुदतीआधी नोकरी सोडून त्या लाखनीला मुलाकडं गेल्या. घर हमरस्त्याला लागून, दिवसभर ट्रकांची घरघर. मी महिन्या-दोन महिन्यांनी जायची, नावाला भेट, खरं तर विचारायला. या मुलाचं असं होतं, त्या मुलीचं तसं होतं, काय करू. उन्हाळ्यात शेवटची गेले तेव्हा वंदना सोबत होती. ती आता नागपूरला शिकते, स्वतःच्या पायानं गेलेली, आत्याकडंच राहते. ताईंना दिसत नव्हतं. त्या म्हणाल्या, "वाच काही." वंदनानं पिशवीतलं कुठलंसं गोष्टीचं पुस्तक काढून वाचायला घेतलं. ताई डोळे मिटून ऐकत होत्या. आता डोळे मिटायची गरजही नव्हती, पण सवय. वंदना पान उलटायला गेली आणि त्यांनी हात पुढं करून अचूक तिचं मनगट धरलं. "थांब. मंग काय झालं असन?" वंदनानं काहीतरी सांगितलं. तेवढ्यात गाडीची वेळ झाली. पुढचं पान पुढच्या वेळी वाचू म्हणून आम्ही उठलो... तो निरोप आला त्या दिवशी मी वंदनाला कळवलं, तर तिनं पहिलं हेच विचारलं, "आई, ती गोष्ट राहूनच गेली ना गं?"

परवा कपाट उघडलं. ताई जाताना तयार करून गेल्या ते शेळीचं पुस्तक वरच्या कप्प्यात आहे, सुटं पान मागच्या पुठ्ठ्यात घडी करून ठेवलेलं. तिसरीत लता म्हणून एक मुलगी आहे, रोवणीहून परत आलेली, नखांत अजून चिखल. तिच्या हातात पुस्तक दिलं आणि मी डोळे मिटले. काय सुंदर आवाज पोरीचा. घडाघडा वाचत गेली. पान उलटल्याचा आवाज आला, आणि जे पान तिथं नव्हतं तेही ती तितक्याच गोड आवाजात म्हणाली, शेवटच्या ओळीपर्यंत. डोळे उघडून मी सवयीनं चौकटीतून पलीकडं पाहिलं. ते लाकडी स्टूल आता तिथं नाही. नव्या बाई फळ्याकडं तोंड करून पाढे लिहीत होत्या.

मी लताच्या हातातून पुस्तक घेतलं. म्हटलं, "छान म्हणते माय. आता काही दिवस पुस्तक राहू दे. शाळा सुटली की माझ्या घरी येत जा." ती घाबरून माझ्या तोंडाकडं पाहू लागली, अगदी तसंच. टेबलाच्या खणातून मी लाखोळीचे दाणे काढले. सुटं पान परत घडी करून ठेवलं आहे, ती थांबेल त्या दिवशी तिला द्यायला. आज ती 'बांधी'साठी तीन दाणे मांडून बसली होती, ताई. काल चार होते. एवढं ऐकलं मी आज. वाचेल ना वो?